पंप एकच, बाकी सगळं उतारावर: मुख्य टाकी आणि रेफ्युजियमची जोडणी

माशांच्या दोन टाक्या पाईपने जोडायच्या म्हटलं की बहुतेकांच्या मनात आधी दोन पंप येतात. एक पाणी खाली सोडेल, दुसरा वर चढवेल. हा विचार कागदावर उतरायच्या आधीच सोडून द्या. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन पंपसुद्धा तंतोतंत सारखं पाणी फेकत नाहीत. तासाला अवघा ५ लिटरचा फरक धरला तरी दिवसभरात १२० लिटर पाणी एका टाकीतून दुसरीत जाईल आणि तिथून जमिनीवर. जोडणी कशीही करा, पंपाने पाणी एकाच दिशेला न्यायचं. परतताना ते उताराने, आपसूक यायला हवं. मग पंप जेवढं चढवेल तेवढंच उतरेल, पंप मंदावला तर उतरणंही मंदावेल, आणि दोन्हीकडच्या पातळ्या आपोआप जमतील.

माझी टाकी खाऱ्या पाण्याची आहे, म्हणून पुढचं सगळं त्या हिशेबाने सांगते. रेफ्युजियम म्हणजे मुख्य टाकीला जोडलेली, पण माशांना पोचता येणार नाही अशी जागा. तिथे शेवाळ वाढवायचं. ते पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेतं, आणि त्याच्या गुंत्यात कोपेपॉड, ॲम्फिपॉड असे बारीक जीव निर्धास्त वाढतात. दिवे बंद झाल्यावर टॉर्च घेऊन काचेजवळ जा. टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके काचेवर थांबत, मध्येच झटका देऊन सरकताना दिसतील, ते कोपेपॉड. त्यांच्याहून मोठे, पाठीत वाकलेले, कुशीवर पोहत दगडाखाली घुसणारे ते ॲम्फिपॉड. मँडरिनसारखा मासा दिवसभर असेच जीव टिपत फिरतो, त्यामुळे तो पाळायचा असेल तर रेफ्युजियम ही चैन नाही, त्याच्या पोटापाण्याची सोय आहे. गोड्या पाण्याच्या टाकीला अशी जोड द्यायची असेल तर शेवाळाच्या जागी पाणवनस्पती येतील, कोपेपॉडच्या जोडीला छोट्या कोळंब्या येतील, पण पाईपांचं गणित हेच राहील.

वर, खाली की शेजारी

रेफ्युजियम मुख्य टाकीच्या वर ठेवता येतं. पंप मुख्य टाकीतून पाणी वर चढवतो आणि ते उताराने खाली येतं. यात मोठा फायदा असा की बारीक जीव पंपाच्या पंख्यातून न जाता थेट माशांपर्यंत पोचतात. धोका मात्र नीट समजून घ्या: वरून खाली येणारा पाईप तुंबला तर पंप अख्खी मुख्य टाकी वर उपसत राहील. म्हणून पंप मुख्य टाकीच्या तळाशी कधीही ठेवायचा नाही. पृष्ठभागापासून ३-४ सेंटीमीटर खाली ठेवला की तेवढं पाणी गेल्यावर तो हवा ओढू लागतो आणि उपसा थांबतो. वर जाणाऱ्या पाईपचं तोंडही रेफ्युजियमच्या पाण्याबाहेर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर त्याच पाईपमधून पाणी उलटं उतरतं.

शेजारी शेजारी टाक्या ठेवून त्यांच्यात उलट्या यू आकाराची नळी टाकायची, ही पद्धत सोपी दिसते. नळीत हवा साठून सायफन, म्हणजे नळीतून पाणी आपोआप खेचलं जाणं, तुटला की एक टाकी रिकामी आणि दुसरी भरून वाहणारी. अशा एकमेव नळीवर मी कुठलीही टाकी सोपवणार नाही.

टाकी स्टँडवर असेल आणि खाली कपाट असेल तर रेफ्युजियम खाली ठेवा. मी तेच केलं आहे आणि पुढची माहिती त्याचीच आहे: मुख्य टाकीतून ओसंडणारं पाणी उताराने खाली, आणि खालून पंपाने वर.

आधी पंप बंद असतानाचं गणित

काहीही विकत घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. चालू पंपाचं गणित सगळेच करतात. घरात पाणी सांडतं ते वीज गेल्यावर किंवा पाईप तुंबल्यावर, म्हणून या दोन प्रसंगांचे आकडे आधी काढायचे.

माझी मुख्य टाकी ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. लांबी गुणिले रुंदी ४०५० चौरस सेंटीमीटर, म्हणजे पातळी १ सेंटीमीटरने बदलली की साधारण ४ लिटर पाणी हललं. खालची टाकी ६० बाय ३५, उंची ४०; तिथे १ सेंटीमीटर म्हणजे २.१ लिटर.

प्रसंग पहिला, वीज गेली. पंप चालू असताना मुख्य टाकीतलं पाणी ओसंडायच्या कडेपेक्षा सुमारे १ सेंटीमीटर वर असतं. ते ४ लिटर खाली येणार. वर जाणाऱ्या पाईपचं तोंड पाण्यात जेवढं खोल, तेवढं पाणी त्या पाईपमधून उलटं खेचलं जाणार. माझ्याकडे ते कडेच्या १ सेंटीमीटर खाली आहे, म्हणजे आणखी ४ लिटर. ओव्हरफ्लो पेटीतलं (ओसंडणारं पाणी आधी जिथे पडतं ती पेटी) आणि पाईपमधलं पाणी मिळून २-३ लिटर. एकूण धरा ११ लिटर. खालच्या टाकीत ११ लिटर म्हणजे सव्वापाच सेंटीमीटर. माझ्या रेफ्युजियममधलं पाणी २४ सेंटीमीटरवर असतं आणि वर १६ सेंटीमीटर काच कोरडी आहे, तेव्हा हे पाणी आरामात मावतं. तुमच्या आकड्यांत ते जेमतेम मावत असेल तर खालची पातळी आत्ताच कमी करा. काठोकाठ मावणारं गणित मी मावलं असं धरत नाही.

प्रसंग दुसरा, खाली उतरणारा पाईप तुंबला. गोगलगाय शिरते, शेवाळाचा गोळा अडकतो. पंपाला हे कळत नाही, तो पाणी चढवतच राहतो. किती चढवेल? खालच्या टाकीतल्या त्याच्या कप्प्यात जेवढं आहे तेवढंच. माझा पंपाचा कप्पा २० बाय ३५ चा, पाणी १८ सेंटीमीटरवर. ६ सेंटीमीटरला पंप हवा ओढतो. मधलं १२ सेंटीमीटर पाणी म्हणजे ८.४ लिटर. ते वर गेलं तर मुख्य टाकीची पातळी सुमारे २ सेंटीमीटर वाढेल. वर ४ सेंटीमीटर काच मोकळी आहे, त्यामुळे थेंबही बाहेर येत नाही. पंपाचा कप्पा मोठा असावा असा मोह सगळ्यांना होतो, कारण मग रोज पाणी घालावं लागत नाही. पण तो किती मोठा असावा हे मुख्य टाकीच्या मोकळ्या काचेनेच ठरवायला हवं.

ओव्हरफ्लो आणि उतरता पाईप

मुख्य टाकीला भोक पाडून बल्कहेड (काचेतून पाईप न गळता बाहेर काढायचा जोड) बसवणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. काच टफन केलेली असेल तर भोक पाडायला जाऊ नका, ती क्षणात चुरा होते. आणि बऱ्याच तयार टाक्यांची तळाची काच टफन असते. म्हणून भोक मागच्या काचेला, वरच्या भागात, आणि तीही टफन नाही याची खात्री करून घेऊनच. हिऱ्याच्या कणांचं होल सॉ वापरा, भोकावर सतत पाणी सोडत राहा आणि दाब देऊ नका, ड्रिलचं वजन पुरे. काचेच्या कडेपासून भोकाच्या कडेपर्यंत किमान भोकाच्या व्यासाएवढं अंतर ठेवा. बल्कहेडचा रबरी वॉशर त्याच्या रुंद डोक्याच्या बाजूला, म्हणजे टाकीच्या आतून बसतो. नट हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, बस्स. पान्याने आवळलं की काच तडकते किंवा वॉशर बाहेर सरकतो.

भोक पाडणं शक्यच नसेल तर काठावर टांगायची सायफनवाली पेटी मिळते. चांगल्या बनावटीच्या पेटीत वीज गेली तरी सायफन टिकतो, पण प्रवाह मंद असेल तर नळीच्या वरच्या बाकात बुडबुडे साठत जातात. ती वापरणार असाल तर बाकात हवा दिसते का हे रोज बघायची सवय लावून घ्या.

उतरत्या पाईपच्या अनेक रचना आहेत. एक मोठा पाईप, वरच्या टोकाला खाली वळवलेलं तोंड आणि हवेसाठी बारीक भोक, ही ड्युर्सो रचना. करायला सोपी, पण पाण्याबरोबर हवा खेचली जाते आणि खळखळ होते. मला दोन पाईपांची हर्बी रचना आवडते. पहिल्या पाईपचं तोंड पाण्यात पूर्ण बुडालेलं आणि खालच्या टोकाला गेट व्हॉल्व्ह (फेरे देत हळूहळू बंद होणारी झडप). दुसरा आणीबाणीचा, तोंड पाण्याच्या वर, एरवी कोरडा. या दुसऱ्या पाईपला व्हॉल्व्ह कधीही लावू नका. त्याचं काम एकच: पहिला तुंबला की सगळं पाणी वाहून नेणं.

पहिल्या पाईपचा व्हॉल्व्ह लावायला वेळ द्या, कारण या रचनेची गंमत तिथेच आहे. पंप चालू केल्यावर आधी पाईप गडगडतो, मग घशात पाणी अडकल्यासारखे आवाज करतो. गेट व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत आणा. ओव्हरफ्लो पेटीतलं पाणी चढू लागतं. पाईपच्या तोंडाशी भोवरा दिसतो, तो आधी जाड, मग दोऱ्यासारखा बारीक होतो, आणि एका क्षणी तुटतो. आवाज बंद. आता पाईपमध्ये हवा उरलेली नाही. इथून पुढे एका वेळी फेऱ्याचा आठवा भागच फिरवायचा आणि पातळी स्थिरावेपर्यंत काही मिनिटं वाट पाहायची. बॉल व्हॉल्व्हने हे जमत नाही. तो केसभर फिरवला तरी प्रवाह खूप बदलतो. पाईपचं खालचं टोक पाण्यात २-३ सेंटीमीटरच बुडवा. जास्त खोल गेलं तर पंप पुन्हा सुरू होताना आतली हवा बाहेर पडायला अडते आणि सायफन लवकर धरत नाही.

उतरता पाईप चढत्यापेक्षा एक माप मोठा घ्या. चढता २५ मिलिमीटरचा असेल तर उतरता ३२ चा. काटकोनी एल्बो कमीत कमी ठेवा. जिथे वळवावंच लागेल तिथे दोन ४५ अंशांचे वापरले की पाणी अडखळत नाही.

खालची टाकी

माझ्या खालच्या टाकीत तीन कप्पे आहेत. एका टोकाला उतरता पाईप आणि प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर कपात गोळा करणारं यंत्र), दुसऱ्या टोकाला रेफ्युजियम आणि मध्ये पंप. दोन्ही बाजूंनी पाणी मधल्या कप्प्यात ओसंडतं. पहिल्या कप्प्याकडून येणाऱ्या पाण्यात बुडबुडे असतात, म्हणून त्या बाजूला ३ सेंटीमीटर अंतराने तीन काचा लावल्या आहेत: पाणी पहिलीच्या वरून, दुसरीच्या खालून, तिसरीच्या वरून जातं आणि बुडबुडे वर निघून जातात. रेफ्युजियमच्या बाजूला एकच काच आणि तिच्यावर दातेरी पट्टी, म्हणजे शेवाळाचे तुकडे पंपाकडे जात नाहीत. पट्टी काचेच्या पूर्ण रुंदीची घ्या. छोट्या जाळीवर शेवाळ साचलं की रेफ्युजियमची पातळी चढते.

काचा चिकटवायला बुरशीनाशक नसलेलंच सिलिकॉन लागतं. ॲक्रिलिकच्या पट्ट्या काचेला सिलिकॉनने टिकाऊ चिकटत नाहीत, तेव्हा काचेच्या टाकीत काचेच्याच पट्ट्या वापरा. पितळ आणि तांबं या पाण्यात कुठेही नको, अगदी एखादी तोटीसुद्धा. तांबं कोळंबी, गोगलगायी आणि तुम्ही ज्यांच्यासाठी हे सगळं करताय त्या बारीक जिवांना मारतं. पाईपच्या क्लिपा प्लास्टिकच्या घ्या.

हीटर पहिल्या कप्प्यात ठेवा. बाष्पीभवनाने पाणी घटतं ते फक्त पंपाच्या कप्प्यात; तिथे ठेवलेला हीटर एक दिवस उघडा पडेल. घटलेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं, गाळलेलं पाणी घालायचं, कारण मीठ उडून जात नाही. हे काम स्वयंचलित यंत्राने करत असाल तर त्याच्या नळीचं टोक पाण्याच्या सगळ्यात वरच्या संभाव्य पातळीपेक्षाही उंच बांधा, नाहीतर टाकीचं खारं पाणी उलटं जाऊन गोड्या पाण्याच्या डब्यात उतरेल.

चढता पाईप आणि रेफ्युजियमचा वाटा

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी सव्वा मीटर चढवायचं म्हटल्यावर तो बराच घटतो, आणि प्रत्येक वळण त्यात भर घालतं. खोक्यावर किंवा पत्रकात उंचीनुसार प्रवाहाचा आलेख असतो, तो बघून पंप निवडा. माझ्या मुख्य टाकीत सुमारे १६५ लिटर पाणी आहे. खालून वर तासाला त्याच्या पाचपट, म्हणजे ८००-९०० लिटर फिरलं की मला पुरतं. प्रवाळांना लागणारी जोरदार लाट टाकीतल्या वेव्हमेकरकडून मिळते, ती या पंपाकडून मिळवायला जाऊ नका. प्रत्यक्ष प्रवाह मोजणं सोपं आहे: चढत्या पाईपचं तोंड बादलीत धरा आणि घड्याळ लावा. १० लिटर भरायला ४० सेकंद लागले तर तासाला ९०० लिटर.

पंपानंतर लगेच एक युनियन जोड लावा, म्हणजे पंप काढताना पाईप कापावा लागत नाही. त्याच्या वर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि टीच्या एका फाट्यावरून बॉल व्हॉल्व्हमधून रेफ्युजियमला पाणी. रेफ्युजियममधून पाणी अगदी संथ जायला हवं असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. पाणी एकदाच जाऊन संपत नाही, ते दिवसभर फिरून फिरून येतं, तेव्हा एका फेरीत किती वेळ थांबलं याला फारसा अर्थ नाही. प्रवाह फार मंद ठेवला तर शेवाळावर गाळ बसतो आणि आतल्या थराला खाद्य पोचत नाही. किटोमॉर्फाचा (दोऱ्यांच्या गुंत्यासारखं शेवाळ) गोळा जागच्या जागी हळूहळू गरगरत राहील एवढा व्हॉल्व्ह उघडा. गोळा तळाला बसून राहिला तर प्रवाह कमी आहे. पट्टीवर जाऊन चिकटला तर जास्त.

वर मुख्य टाकीत, चढत्या पाईपच्या तोंडाजवळ, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा. वीज गेल्यावर पातळी तिथवर उतरली की भोक हवा घेतं आणि उलटा सायफन तुटतो. या भोकात शेवाळ आणि चुना बसतो, म्हणून काच पुसताना त्यात दर वेळी काडी फिरवायची. पाणी एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. त्याच्या पडद्यावर एक कण अडकला तरी तो पूर्ण मिटत नाही, आणि हे कळतं ते नेमकं पाणी सांडल्यावर.

साध्या पाण्यावर परीक्षा

सॉल्व्हंट सिमेंट लावलेले जोड २४ तास वाळू द्या. आट्यांच्या जोडांना टेफ्लॉन टेप. मग मीठ नाही, मासे नाहीत, नळाचं पाणी भरा आणि पंप चालू करा. सगळं स्थिरावल्यावर प्लग काढा आणि खालच्या टाकीसमोर बसून पाणी कुठवर चढतं ते बघा. ती रेघ काचेवर मार्करने आखून ठेवा. पंप पुन्हा लावा, हात न लावता सायफन धरतो का बघा. हे काही वेळा करा. नंतर पहिल्या पाईपचं तोंड फडक्याने बंद करा, आणीबाणीचा पाईप सगळं पाणी नेतो का ते बघा. शेवटी दोन्ही पाईप बंद करा आणि पंप हवा ओढेपर्यंत मुख्य टाकीच्या काठावर नजर ठेवा, हात प्लगवर. कागदावरचं गणित इथे तपासून होतं. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून रात्रभर चालवा. सकाळी जो ओला असेल तो जोड पुन्हा करायचा.

विजेचं काम तेवढ्याच काळजीने करा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी थेंबेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. टाकीची लाईन आरसीसीबीवर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. आणि वीज परत आल्यावर स्किमर पंपानंतर काही मिनिटांनी सुरू होईल असं बघा. खालची पातळी चढलेली असताना तो लगेच चालू झाला तर त्याचा कप भरून वाहतो.

चालू झाल्यानंतर

रेफ्युजियमचा दिवा मुख्य टाकीच्या उलट वेळेला लावा. मुख्य टाकीत अंधार असताना कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो. त्या वेळी इथलं शेवाळ उजेडात असलं की ते कार्बन डायऑक्साइड वापरतं आणि पीएचची घसरण कमी होते. शेवाळ म्हणून मी किटोमॉर्फाच सुचवेन. कॉलर्पा दिसायला देखणी आहे, पण कधी कधी ती एकाएकी बीजपेशी सोडून पांढरी पडते, विरघळते आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत सोडते.

गोळा दाट झाला, मधला भाग फिका पडू लागला की एक तृतीयांश काढून टाका. काढलेलं शेवाळ टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत चांगलं झटका. शेकडो ॲम्फिपॉड खाली उतरतात, ते पाणी मुख्य टाकीत ओता आणि माशांची धावपळ बघा. शेवाळ मात्र कचऱ्यात, वाळवून. समुद्रात, खाडीत, ओढ्यात किंवा गटारात कधीही नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ भूमध्य समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक छोटा पट्टा आढळला होता, आणि तिथून ती हजारो हेक्टर समुद्रतळावर पसरली. ती टाक्यांत पाळली जाणारीच जात होती.

दर आठवड्याला ओव्हरफ्लोची दातेरी पट्टी आणि आणीबाणीच्या पाईपचं तोंड बघा. त्या कोरड्या तोंडात गोगलगाय जाऊन बसायला आवडीने जागा शोधते. पंपाचा आवाज बदलला किंवा प्रवाह घटला तर युनियन खोलून पंप बाहेर काढा, पंखा वेगळा करा आणि पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा. चुन्याचा थर सुटतो. ब्रशने घासून, भरपूर पाण्याने धुऊन परत बसवा, युनियन हातानेच आवळा, आणि चालू केल्यावर खाली कोरडा टिश्यू ठेवून दहा मिनिटांनी बघा.